पिनोकिओ पुन्हा वाचताना

पिनोकिओ म्हटलं की सर्वांना खोटं बोलल्यावर वाढणारं नाक आठवतं. मलाही तेच आठवायचं. परंतु यंदा तिसऱ्यांदा पुस्तक वाचलं आणि माझं लक्ष जेपेत्तोच्या कोटावर गेलं.

ही गोष्ट इटलीतील लेखक कार्लो कोलोदी यांनी १८८१ साली मुलांच्या साप्ताहिकात लिहावयास घेतली. पिनोकिओ हा लाकडी बाहुला. त्याला घडविणारा जेपेत्तो फार गरीब. बाहेर बर्फ पडत होतं, तरी त्याने अंगातला ठिगळांचा कोट विकून पोराला अंकलिपी आणली. कोट कुठंय, असं पोरानं विचारलं, तर म्हणे उकडत होतं! आणि ह्या पठ्ठ्यानं शाळेच्या वाटेवर तीच अंकलिपी चार नाण्यांना विकून बाहुल्यांचा खेळ पाहिला. पहिल्या वेळी मी इथं खूप हसलो होतो.

पंधराव्या प्रकरणात तर लेखकाने त्याला झाडाला टांगून गोष्टच संपविली होती. वाचक मुलांनी हट्ट धरला म्हणून ती पुढे चालली, आणि १८८३ साली पुस्तक निघालं. शेवटी हाच पिनोकिओ आजारी जेपेत्तोला पेलाभर दूध मिळावं म्हणून शंभर बादल्या पाणी उपसतो. तेही एक दिवस नव्हे, पाच महिने रोज पहाटे उठून.

पुस्तक घरी न्याल तेव्हा कोटाचं प्रकरण सावकाश वाचा. मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखविलं.