वारसाचा दाखला : काही समज, काही अनुभव

घरचा कर्ता माणूस गेला की तेरवीनंतर पेटी उघडली जाते. पासबुके, सातबारे, विम्याचे कागद खाटेवर मांडले जातात आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी जाणतेपणाने म्हणतो, "कोर्टातून प्रोबेट आणा." २०२२ साली माझे आबाजी वारले तेव्हा आमच्या घरीही हेच झाले. त्यांची ३ लाख ४० हजारांची मुदत ठेव एका बँकेत होती. तिला नॉमिनी नव्हता. बँकेने कोर्टाचा दाखला मागितला. हा दाखला म्हणजे नेमके काय, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते; मीही तेव्हा शाळेतच होतो.

प्रथम प्रोबेटविषयी. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा शिक्का. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेट कशाचे घेणार? शिवाय १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची जी सक्ती केली होती ती मुंबई व मद्रास ही शहरे आणि जुना बंगाल प्रांत यांच्याशी निगडित मृत्युपत्रांपुरती होती. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने भंडाऱ्यातील शेतीविषयी केलेल्या मृत्युपत्राला ती कधीच लागू नव्हती. ज्या कलमात ती होती ते २१३ वे कलमही संसदेने २०२५ च्या अखेरीस काढून टाकले. तरी गावोगावी हा शब्द चालूच आहे. शहरातील नातेवाइकांकडून आलेला शब्द लवकर जात नाही.

शेतीची वाट तर अगदीच वेगळी. तिच्यासाठी तलाठ्याच्या दप्तरात वारस नोंद करावयाची असते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे ही खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. मग फेरफार होऊन सातबाऱ्यावर नावे चढतात. आमच्या अर्जनवीसाने ठेवीबरोबर साडेतीन एकर धानाची जमीनही कोर्टाच्या अर्जात लिहिली होती. ती वकिलांनी पहिल्याच भेटीत खोडली. उत्तराधिकार प्रमाणपत्र हे येणे रकमा व रोखे यांच्यासाठीच मिळते, म्हणजे ठेव, भविष्य निर्वाह निधी, शेअर अशा गोष्टींसाठी. जमिनीसाठी नाही.

कोर्ट फीची भीती सर्वांनाच असते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. फी दाखल्यात लिहिलेल्या रकमेवर टप्प्याटप्प्याने चढते आणि महाराष्ट्रात ७५,००० रुपयांवर थांबते. कायद्याच्या ३७९ व्या कलमानुसार अर्जाबरोबर फीइतकी रक्कम अनामत भरावयाची असते. अर्ज मंजूर झाला की त्यातूनच मुद्रांक घेतला जातो, आणि जे खर्च होत नाही ते परत मिळते. म्हणजे अर्ज फेटाळला गेला तर ही रक्कम बुडते, असा जो समज आहे तो खरा नाही. वकिलांची फी, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, झेरॉक्स आणि प्रत्येक पेशीला एस.टी.चे भाडे हा खर्च निराळा. तो कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

अर्ज कोठे करावयाचा? मृत व्यक्ती मरणसमयी सामान्यतः जेथे राहत होती तेथील कोर्टात. मुलगा नागपूरला नोकरीला असला तरी आईवडील तुमसर तालुक्यात राहत असतील तर अर्ज भंडारा जिल्ह्यातच. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, मागणीचा हक्क आणि कुटुंबातील व जवळच्या नातेवाइकांची नावे पत्त्यांसह लिहावी लागतात.

आमचे अडले ते याच शेवटच्या बाबीवर. मसुदा मी आजीला वाचून दाखवीत होतो. त्यात आजी, मोठे बाबा आणि बाबा अशी तीन नावे होती. आजी मध्येच म्हणाली, "माह्या पोरीचं नाव कुठं हाये?" आत्या पवनीला दिलेली. मोठे बाबा म्हणाले, "तिचं लगन लावून देल्लं न. आता तिचं काय?" त्यांच्या मनात कपट होते असे मला वाटत नाही, त्यांनी आयुष्यभर हेच पाहिले होते. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि वडिलांच्या स्वकष्टाच्या पैशात मुलीचा वाटा तेव्हापासूनच मुलाइतका आहे. वारस लपवून मिळवलेला दाखला ३८३ व्या कलमाखाली रद्द होऊ शकतो. हे वकिलांनी सांगितल्यावर मोठे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच आत्याला फोन लावला.

पुढचे काम सरळ झाले. नोटीस निघाली, हरकत आली नाही. आत्या जबाबासाठी पवनीहून आली. कोर्टाच्या आवारात दोघे बहीणभाऊ एकाच डब्यातून जेवले.

दाखला हाती आल्यावर आम्हांस वाटले, ज्याचे नाव त्यावर तो मालक. तेही खरे नाही. दाखला पाहून बँकेने सद्भावाने पैसे दिले की बँक मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ. मालकी ठरविण्याचा दावा पुढेही करता येतो. नॉमिनीचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ साली सरबतीदेवी खटल्यात, आणि शेअरांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील वादात हेच सांगितले, की नॉमिनी पैसे स्वीकारतो, वारसांचा हक्क त्याने संपत नाही.

आज आमच्यासारख्यांना कदाचित कोर्टात जावेच लागणार नाही. सप्टेंबर २०२५ मधील रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसलेल्या ठेवीही, वाद नसल्यास, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत व इतर बँकांत किमान १५ लाखांपर्यंत अशा दाखल्यावाचून द्यावयाच्या आहेत. मात्र पैसे न घेणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र तेथेही लागते. म्हणजे आत्याची सही चुकत नाहीच.

ठेवीचे चार समान वाटे झाले. आजीने आपला वाटा पुन्हा बँकेत ठेवला. नॉमिनी कोण, हा रकाना तिने अजून भरू दिलेला नाही.