तरंगते सोलर पॅनेल : खालच्या पाण्याचं काय?

पेठ तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात तिथल्याच बायका हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. डोंगरउतारावरचं पाणी दमणगंगेतून, पारमधून पश्चिमेला निघून जातं. जे थोडंफार तलावात अडतं, त्यातलं बरंचसं ऊन पिऊन टाकतं. म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या सोलर पॅनेलबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, वा! वीजही मिळेल आणि पाणीही वाचेल. पण मित्रांनो, त्या पॅनेलखालच्या पाण्याचं काय होतं?

आधी फायदा बघू. तेलंगणातील रामगुंडम येथे एनटीपीसीचा १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. तो जलाशयाच्या सुमारे ५०० एकरांवर पसरला आहे. त्यामुळे वर्षाला ३२.५ लाख घनमीटर पाण्याचं बाष्पीभवन टळेल, असा अंदाज दिला गेला. भागाकार करून पाहा. झाकलेल्या भागावर सुमारे १.६ मीटर पाणी वाचतं, म्हणजे जवळजवळ आपल्या उंचीइतकं!

आता दुसरी बाजू. पाण्यात ऑक्सिजन मुख्यतः दोन वाटांनी येतो. शेवाळ व पाणवनस्पती उन्हात तो तयार करतात, आणि वारा लाटा उठवून हवा पाण्यात मिसळतो. पॅनेल ऊन आणि वारा दोन्ही अडवतात. शेवाळ कमी झालं तर बरंच, कारण ते माजलं की पाण्याला वास येतो. पण झाकण फार झालं तर तळाचा ऑक्सिजन संपत जातो. मग गाळातलं लोह, मँगनीज, फॉस्फरस पाण्यात उतरतं आणि मिथेन वायू सुटतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तळ्यांचा ७० टक्के भाग झाकून पाहिला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ऑक्सिजन घटला आणि हरितगृह वायू सुमारे २७ टक्क्यांनी वाढले.

म्हणजे खरा मुद्दा पॅनेलचा नसून प्रमाणाचा आहे. नाशिकच्या धरणांतून गोदावरीचं पाणी ज्या जायकवाडीत जातं, तिथेही तरंगत्या सौर प्रकल्पाची योजना आहे. तो जलाशय म्हणजे पक्षी अभयारण्य, त्यामुळे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. पण जायकवाडीचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. तिथे जेवढे पॅनेल एका कोपऱ्यात मावतील, तेवढ्यांत पेठचा एखादा पाझर तलाव काठोकाठ झाकला जाईल. शिवाय जायकवाडीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून शहरात जातं. पाड्यावर मात्र हंड्यावर फडकं बांधलं की झालं शुद्धीकरण!

म्हणून लहान तलावावर पॅनेल टाकायचे असतील तर थोडाच भाग झाकावा, आणि आधी व नंतर पाणी तपासावं. फक्त निर्जंतुक करून पिण्याजोग्या पाण्याच्या स्रोतात लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो मोजण्याची विंकलर पद्धत आपल्या सिव्हिलच्या लॅबमध्ये शिकवतात. निळा रंग गेला की ब्युरेटचं रीडिंग घ्यायचं, एवढंच! नमुना मात्र पहाटे घ्यावा, कारण ऑक्सिजन तेव्हा सर्वांत कमी असतो. आणि वरचा नको, तळाजवळचा घ्यावा.

जर्नलमध्ये रीडिंग लिहून मार्क मिळतातच. तेच रीडिंग एखाद्या पाड्याच्या तलावाचं असेल, तर ते कुणाच्या तरी हंड्याच्या कामी येईल. नाही का?