विमानतळ जवळ आला, पायलटची नोकरी नाही

बारावीचा निकाल लागायच्या आतच पालक विचारायला येतात, "सर, पोराला पायलट करायचंय, कुठली अकादमी चांगली?" यंदा बोनकोडे-कोपरखैरणेतून ही विचारणा जरा जास्तच आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. त्याच महिन्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम सांभाळता न आल्याने इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. मग सोसायटीच्या गेटवर ठरून गेलं की पायलट कमी आहेत, म्हणजे नोकरी पक्की.

कमी आहेत ते मुरलेले वैमानिक, विशेषतः कॅप्टन. दोनशे तासांचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन, घेऊन बसलेल्या पोरांची वाण नाही. कॅप्टनला एटीपीएल हे वरचं लायसन लागतं, त्यासाठी किमान 1500 तास लागतात, आणि एअरलाइनने आत घेतल्याशिवाय बहुतेकांचे ते तास भरत नाहीत.

आता मागचं आठवा. 2012 च्या ऑक्टोबरात किंगफिशर बसली, 2019 च्या एप्रिलात जेट, 2023 च्या मेमध्ये गो फर्स्ट. दर वेळी अनुभवी वैमानिकांचा मोठा लोंढा बाजारात आला. उरलेल्या कंपन्या त्यांना सोडून तुमच्या मुलाला का घेतील? प्रवेश तेजीत होतात आणि लायसन कधी कधी मंदीत हातात पडतं, ही या धंद्यातली खरी मेख आहे. 2018 मध्ये फी भरलेली मुलं बाहेर पडली तेव्हा कोविडने विमानं जमिनीवर आणली होती. घरी बसणंही फुकट नसतं. मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवावं लागतं, टाइप रेटिंगचे, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचे, लाखो रुपये वेगळे, वर कर्जाचं व्याज.

फ्लाइंग स्कूलची दोन्हीकडून गोची होते. तेजीत इन्स्ट्रक्टर एअरलाइनकडे जातात, मंदीत नवे विद्यार्थी येत नाहीत. तास मात्र दोन्ही वेळा रखडतात. शिवाय अपघात झाला की सगळंच थांबतं. 2023 च्या ऑक्टोबरात बारामतीला आठवड्याच्या आत रेडबर्ड या फ्लाइंग स्कूलची दोन विमानं कोसळली आणि विमान वाहतूक नियामक डीजीसीएने संस्थेचं प्रशिक्षणच थांबवलं. फी भरलेल्या मुलांनी काय करायचं होतं?

आता कडू बोलतो. हा हट्ट बऱ्याचदा मुलाचा नसतो, बापाचा असतो. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो आणि वडील नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर किती कर्ज मिळेल ते मला सांगत असतात. प्रकल्पग्रस्तांच्या हक्कासाठी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, त्यातून आलेली ही जमीन आहे. पन्नास लाखांच्या पुढचा हा कोर्स प्लॉट गहाण टाकून करायचा असेल तर करू नका.

विमानतळावरच्या दुसऱ्या नोकऱ्यांपैकी केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. मला सांगायचंय ते एटीसीबद्दल, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीबद्दल. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी करा किंवा इंजिनीअरिंग, आणि विमानतळ प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची परीक्षा द्या. खुल्या गटाला वयाची अट 27 पर्यंत. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणच देतं. पगारही प्राधिकरणाचा, त्यामुळे एखादी एअरलाइन बुडाली म्हणून तो थांबत नाही. आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांत मात्र हे नाव कुणाच्या तोंडी नसतं. गणवेशाचा फोटो निघत नाही म्हणून असेल.

तरीही मुलाला स्वतःलाच उडायचं असेल, तर फी भरण्याआधी क्लास 2 आणि क्लास 1 मेडिकल करून घ्या. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स हे डीजीसीएचे पेपर आधी सोडवू द्या. त्यातच बरंच कळतं. स्कूलमध्ये जाल तेव्हा किती विमानं आहेत हे विचारू नका, आज किती उडाली ते विचारा आणि नोंदवही बघायला मागा. सगळी फी एकरकमी मागितली, तर चहा पिऊन परत या.