पू पांढऱ्या पेशींचा, दुखणं दोघांचं

दसरा-दिवाळी उरकली की वडवणीच्या वाड्या-तांड्यांवर कुलुपं लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात, आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परतली की दवाखान्यात तीच दबकी तक्रार येते : "डॉक्टर, अंगावर पांढरं जातंय." कारभारी बाहेर बाकावर. त्यांची लघवीची जळजळ मेडिकलवरच्या चार गोळ्यांनी 'गेलेली' असते.

प्रत्येक पांढरं जाणं लैंगिक आजाराचं नसतं, हे आधीच सांगतो. पण परमा असेल, तर तो पिवळा पू एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखा असतो. रंगवलेल्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींचा नुसता खच, आणि त्यांच्या पोटात घेवड्याच्या बियांसारखे जोडीजोडीने बसलेले गुलाबी जंतू. नायसर या जर्मन डॉक्टरने 1879 साली ते ओळखले. पेशींनी जंतू गिळले म्हणजे काम फत्ते, असं वाटेल. पण गिळलेल्यांतले काही आतच तगून राहतात. शिवाय हा जंतू आपला तोंडवळा सारखा पालटतो. शरीराने ओळख धरावी, तोवर तो वेगळाच झालेला. गोवर एकदा झाला की सुटलो, तसं परम्याचं नाही. तो पुन्हा होतो.

क्लॅमिडिया हा लैंगिक आजाराचा दुसरा जंतू त्याहून लबाड. तो पेशीच्या आतच घर करतो आणि बहुतेक बायकांना पत्ताही लागत नाही. शरीराच्या संरक्षक टी-पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडून त्याची रसद तोडतात, तेव्हा तो कधी मरतो, कधी नुसता दबा धरून बसतो. ही झटापट लांबली की गर्भनलिकेत व्रण धरतात, नळी बुजते. मग दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नळीतच अडकतो. यातली बरीच नासधूस जंतूची नव्हे, आपल्याच पेशींची.

यावर गर्भपिशवी काढणं हा इलाज नाही. 2019 साली सरकारी समितीच्या पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांवर जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. हा आकडा मला अजून बोचतो.

परम्या-क्लॅमिडियावर गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत. सोबत एचआयव्ही आणि गरमीची तपासणीही करून घ्या. पाळी चुकली असेल तर लाजू नका, आधी सांगा. औषध त्यावर ठरतं. गोळ्या नवरा-बायकोने एकाच वेळी घ्यायच्या, आणि पुढचे सात दिवस संबंध नाही. तेव्हा ताई, येताना बाकावरच्या कारभाऱ्यांनाही आत घेऊन या.