देणगीतून उलगडणारे जुने खून

प्रश्न : माझी मुलगी टेक्सासला असते. एका जुन्या खुनाच्या डीएनए चाचणीसाठी तिने पैसे दिले. हे तर पोलिसांचं काम. मग लोकांकडून वर्गणी कशासाठी?

उत्तर : नेहमीची चाचणी सरकारी प्रयोगशाळेत होतेच. तिथे डीएनएवरच्या २० जागा तपासून नोंदीतल्या गुन्हेगारांशी ताडून बघतात. जुळलं नाही, की तपास अडतो. वंशावळीची चाचणी लाखो जागा वाचते आणि दूरच्या चुलत-मावस नात्यांवरून माणसापर्यंत पोचते. तिला हजारो डॉलर लागतात, आणि छोट्या पोलीस खात्यात जुन्या फायलीचा नंबर शेवटी लागतो.

लास वेगासमध्ये १९८९ साली शाळेत निघालेल्या १४ वर्षांच्या मुलीचा खून झाला. पुराव्यात उरला होता ०.१२ नॅनोग्रॅम डीएनए, जेमतेम पंधरा पेशींचा. तिथल्याच एका रहिवाशाने वंशावळीच्या चाचणीचा खर्च उचलला आणि २०२१ मध्ये खुनी कोण ते कळलं. तो १९९५ मध्येच मेला होता. पण त्या मुलीच्या आईला उत्तर तरी मिळालं.

तुमच्या मुलीने चांगलंच केलं. माझा आक्षेप एवढाच, की देणगीदारांना भावेल तीच फाईल उघडावी, हे बरोबर नाही. हा खर्च सरकारनेच उचलायला हवा. तोवर पैसे देण्याआधी नमुना खरंच शिल्लक आहे का आणि पोलीस खातं सोबत आहे का, एवढं मुलीला विचारायला सांगा.