खेळण्यातले रणगाडे : मूळ आवृत्ती आणि पुनरावृत्ती

टपालाची तिकिटे, जुनी नाणी किंवा काड्यापेटीवरची चित्रे जमविण्याचा छंद आपल्यापैकी पुष्कळांना असेल. त्याच जातीचा एक छंद म्हणजे धातूच्या ओतीव खेळण्यांचा संग्रह. मोटारी, विमाने, आगगाड्या आणि लष्करी रणगाडे यांच्या ह्या लहान प्रतिकृती मुळात मुलांसाठी निघाल्या. आज मात्र त्यांचे खरे गिऱ्हाईक पुष्कळदा पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ असतात. हे गृहस्थ एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या, वरवर जुळ्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या दोन रणगाड्यांपैकी एकाला पाच-पंचवीसपट किंमत देतात आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. असे का व्हावे? 'जुने ते महाग' हे उत्तर सहज सुचते, परंतु ते पुरे पडत नाही. त्यासाठी प्रथम ही खेळणी कशी होतात ते पाहिले पाहिजे.

ओतीव खेळण्याचे सर्व रहस्य त्याच्या साच्यात असते. पोलादाचे दोन किंवा अधिक भाग एकमेकांवर घट्ट बसवून आत रणगाड्याच्या आकाराची पोकळी ठेवलेली असते. वितळलेला धातू यंत्राच्या दाबाने त्या पोकळीत घुसवितात, क्षणभर थंड होऊ देतात आणि साचा उघडून अंग बाहेर काढतात. हा धातू बहुधा जस्ताचा मिश्रधातू असतो. त्यात थोडे अ‍ॅल्युमिनिअम, किंचित मॅग्नेशियम आणि तांबे घालतात. तो सुमारे ३८५ अंश सेंटिग्रेडला वितळतो, म्हणजे पोलादापेक्षा फारच कमी उष्णतेला. त्यामुळे साच्याची झीज सावकाश होते. साचा कोरण्याचा खर्च मोठा आणि त्यातून निघणाऱ्या एकेका नगाचा खर्च अगदी थोडा, असा हा व्यवहार आहे. साहजिकच, एकदा केलेला साचा होता होईल तो वापरावयाचा, मागणी मंदावली की कोठीत ठेवावयाचा, पुढे पुन्हा बाहेर काढावयाचा किंवा दुसऱ्याला विकावयाचा, असे प्रत्येक कारखानदाराला वाटते. छापखान्यात जुळविलेले खिळे न मोडता तसेच ठेवले तर पुस्तकाची दुसरी आवृत्ती स्वस्तात निघते, तसाच हा प्रकार. संग्राहकाला ओळखावयाची असते ती आवृत्ती. साच्यावरून ती कळत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. इंग्लंडात लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांचा मेकॅनो कारखाना होता. १९३३ च्या अखेरीस ह्या कारखान्याने लहान वाहनांचा सहा नगांचा एक संच काढला. त्यात मोटारी, मालगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या जोडीला '२२ एफ' ह्या क्रमांकाचा एक रणगाडाही होता. पुढच्याच वर्षी ह्या मालेला 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले आणि ते जगभर गेले. हा पहिला रणगाडा शिशाचा होता. शिसे मऊ असल्याने तो वाकतो, दबतो, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नंतर कारखाना जस्ताच्या मिश्रधातूकडे वळला, आणि १९३० नंतरच्या त्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश रणगाडा दलाची वाहने दाखविणारे संच बाजारात आले. '१५१ ए' हा मध्यम रणगाडा आणि '१५२ ए' हा हलका रणगाडा ही त्यांतली मुख्य खेळणी होत.

ह्या युद्धपूर्व वाहनांपैकी कितीतरी आज नष्ट झालेली आहेत, आणि त्याला मुलांचा धसमुसळेपणा सर्वस्वी कारण नाही. त्यांच्या धातूलाच एक रोग जडला होता. जस्ताच्या ह्या मिश्रधातूत शिसे, कथील किंवा कॅडमियम अगदी अल्प प्रमाणात जरी मिसळले, तरी धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांत ते साचून राहते. हजारात एक भागाइतके शिसेही घात करावयास पुरे होते. पुढे हवेतला ओलावा त्या सांध्यांतून आत शिरतो आणि धातू आतून गंजू लागतो. खेळणे फुगते, लांब होते, वाकते, त्याच्यावर केसासारख्या भेगा पडतात, आणि एखाद्या दिवशी कपाटातून काढताना हातातच त्याचा चुरा होतो. वास्तविक शुद्ध जस्त वापरावे हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अत्यंत शुद्ध जस्तावर आधारलेले 'झमॅक' मिश्रधातू सिद्ध केले, ते एवढ्याचसाठी. (हे नाव जस्त, अ‍ॅल्युमिनिअम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे.) पण त्याच आवारात शिशाचेही काम चालत असेल, खाली पडलेले तुकडे पुन्हा कढईत टाकले जात असतील, तर शुद्धता राहावी कशी? ह्या रोगावर औषध नाही. फार तर खेळणे कोरड्या आणि समशीतोष्ण जागी ठेवून त्याचे आयुष्य लांबविता येते. म्हणून युद्धापूर्वीचा, सरळ अंगाचा, भेग नसलेला रणगाडा दुर्मिळ ठरतो. तो किती बनला होता ह्यापेक्षा किती वाचला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील धातूची खेळणी बंद पडली आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. युद्धानंतर जुने साचे पुन्हा बाहेर आले. त्या हलक्या रणगाड्याचा साचाही त्यांत होता. युद्धापूर्वीचे तेच अंग पुन्हा ओतले जाऊ लागले, त्यातला बराच माल अमेरिकेला जाई, आणि १९५४ मध्ये डिंकीने आपले क्रमांक नव्याने लावले तेव्हा त्याला '६५०' हा क्रमांक मिळाला. एका साच्याची ही दोन जीवने आहेत. विशेष असे की, नंतरची आवृत्ती चांगल्या धातूची असल्यामुळे जास्त टिकली. जो मनुष्य केवळ आकार पाहून 'हा युद्धापूर्वीचा' असे म्हणेल तो फसण्याचा संभव मोठा.

त्याच १९५४ साली डिंकीचा सर्वांत प्रसिद्ध रणगाडा निघाला, तो म्हणजे '६५१' क्रमांकाचा 'सेंच्युरियन'. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा, वळणारा बुरूज आणि रबरी पट्टे असलेला हा रणगाडा सुमारे १५ वर्षे कारखान्यातून निघत होता. सेंच्युरियनशी आपलाही जिव्हाळ्याचा संबंध आहे. १९६५ च्या युद्धात फिल्लौरा आणि चविंडाच्या रणभूमीवर पूना हॉर्स पलटणीचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर ह्यांनी सेंच्युरियनांच्या तुकडीचे नेतृत्व केले आणि परमवीरचक्र मिळविले. ते आधी हैदराबाद संस्थानच्या फौजेत होते. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत त्याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल सेंच्युरियनमधूनच लढले व त्यांनाही तोच मान मरणोत्तर मिळाला. खरे रणगाडे जवळून पाहावयाचे असतील, तर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे.

खेळण्यातला सेंच्युरियन मात्र दुर्मिळ नाही. पंधरा वर्षे निघालेली वस्तू दुर्मिळ कशी असेल? पण त्याच्या भोवतीच्या काही गोष्टी दुर्मिळ आहेत. रबरी पट्टे वर्षांनी कडक होऊन तुटतात, म्हणून मूळ पट्ट्यांसह असलेला नग कमी मिळतो. रणगाडा वाहून नेणारी मोठी गाडी आणि सेंच्युरियन हे दोन्ही एका खोक्यात घालून '६९८' ह्या क्रमांकाचा भेटसंच निघत असे. खोक्यासह तो संच मिळणे कठीण. मुले खेळणे जपतात, खोका फाडतात, ही गोष्ट आई-वडिलांना सांगावयास नको. त्यामुळे पुठ्ठ्याचा खोका कधीकधी आतल्या धातूपेक्षा जास्त किंमत मिळवितो. मला स्वतःला हे थोडेसे गमतीचे वाटते, परंतु बाजाराचा नियम तसाच आहे.

पुनरावृत्तीचा खरा पसारा पाहावयाचा तर फ्रान्सकडे वळले पाहिजे. सॉलिडो ह्या फ्रेंच कंपनीने १९६० नंतर सैनिकी वाहनांची एक सुंदर माला काढली. टायगर, पँथर, शेरमन, तसेच सोमुआ आणि रेनो हे फ्रेंच रणगाडे तिच्यात होते, आणि सुरुवातीच्या नगांना धातूच्या कड्यांचे खरोखर फिरणारे पट्टे होते. १९८० मध्ये कंपनी संकटात सापडली आणि तिची मालकी बदलली, पण साचे मोडले नाहीत. तेच रणगाडे नव्या क्रमांकांनी, नव्या रंगांत, नव्या खोक्यांत पुनःपुन्हा येत राहिले. १९९४ मध्ये नॉर्मंडीच्या उतरणीला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने तर खास माला काढण्यात आली. इथे एक सापळा आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा. सॉलिडोच्या खेळण्यांच्या तळावर पुष्कळदा महिना आणि वर्ष कोरलेले असते. नवखा संग्राहक ते निर्मितीचे वर्ष समजतो. वस्तुतः ते साचा तयार झाल्याचे असते. तीस वर्षांनी त्याच साच्यातून निघालेल्या नगावरही तोच आकडा उमटतो, कारण तो साच्यातच कोरलेला आहे. पुस्तकाच्या दहाव्या आवृत्तीवर पहिल्या आवृत्तीचे साल छापून राहावे, तसे हे झाले. मग पाहावयाचे काय? पट्टे धातूचे आहेत की प्लास्टिकचे, रंगाची चमक कशी आहे, तळावर कोणाचे व्यापारी नाव आहे आणि खोक्यावरचा क्रमांक तळावरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही, ह्या खुणा आवृत्ती सांगतात.

पुनरावृत्ती म्हणजे फसवणूक, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. स्वतःच्या साच्यातून, स्वतःच्या नावाने आणि नव्या खोक्यात काढलेली आवृत्ती ही प्रामाणिक वस्तू आहे. ज्याला रणगाडा शेल्फावर ठेवून पाहावयाचा आहे त्याला ती थोड्या पैशात मिळते, आणि हे चांगलेच झाले. पुनरावृत्ती निघाली की साधारण अवस्थेतील मूळ नगाची किंमत पुष्कळदा उतरते, कारण केवळ आकार हवा असणारे गिऱ्हाईक निघून जाते. उत्तम अवस्थेतील, खोक्यासह असलेल्या मूळ नगाला मात्र तिचा धक्का फारसा लागत नाही. उलट, ज्या मालाच्या खोक्यावर पहिल्याच दिवसापासून 'मर्यादित आवृत्ती' असे सोनेरी अक्षरांत छापलेले असते, त्याच्यापासून सावध राहावे असे माझे मत आहे. असा माल घेणारा तो जपूनच ठेवतो, कोणी मूल त्याच्याशी खेळत नाही, आणि चाळीस वर्षांनंतरही जवळजवळ सगळाच शिल्लक असतो.

फसवणूक सुरू होते ती पुनरावृत्तीला मूळ म्हणून विकताना. नवे रबरी पट्टे, नव्याने छापलेले जुन्या धर्तीचे खोके, सुटे भाग हे सर्व उघडपणे विकत मिळते. त्यांच्यावाचून कितीतरी मोडकी खेळणी पुन्हा उभी राहिली नसती. पण असे भाग घातल्याचे न सांगता कोणी पूर्ण किंमत मागत असेल तर ते चूक. ह्याच कारणासाठी, आजोबांच्या ट्रंकेत एखादा खरवडलेला रणगाडा सापडला तर त्याला घाईने नवा रंग देऊ नये. जुना रंग हा त्याचा जन्मदाखला असतो. त्याच्या थरांवरून, कडांच्या झिजेवरून, तळाच्या रिव्हेटांवरून जाणकार माणूस कालखंड ओळखतो. नव्या रंगाने वस्तू चकचकीत होते, पण ती काय होती हे सांगणारा पुरावा पुसला जातो. मऊ ब्रशाने धूळ झाडावी, आणि झाडलेले खेळणे कोरड्या जागी ठेवावे. खोका फाटका असला तरी टाकू नये.

साच्यांच्या प्रवासाची एक कथा आपल्या देशातही घडली आहे. ती रणगाड्यांपेक्षा मोटारींची अधिक आहे, पण मुद्दा तोच. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डिंकीने आपल्या काही जुन्या मोटारींचे साचे कलकत्त्याच्या एका कंपनीला विकले. जॅग्वार, मर्सिडीज, फोक्सवॅगन अशा मोटारी तेथे 'निकी टॉइज' ह्या नावाने निघू लागल्या. पोलादी साचा तोच असल्याने आकार हुबेहूब, पण रंग जाड, चाके निराळी आणि ओतकाम ओबडधोबड असे. तळावरचे 'डिंकी' हे नाव कित्येकदा खरवडून काढलेले दिसते. काही नगांवर ते अर्धवट वाचताही येते. इंग्लंडातील संग्राहक सुरुवातीला ह्या गाड्यांना हसले. लिव्हरपूलचा मूळ कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरात बंद पडला, आणि पुढे हेच संग्राहक भारतात निघालेल्या त्या गाड्या शोधू लागले, कारण आपल्याकडच्या मुलांनी त्या अंगणात, मातीत, पाण्यात मनसोक्त खेळून संपविल्या होत्या आणि चांगले नग फारच थोडे उरले होते. एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर अशी गाडी आढळली, तर प्रथम ती उलटी करून तळ पाहावा. खरवडलेल्या जागेखाली कोणती अक्षरे दिसतात ते भिंगातून नीट वाचावे.