घराच्या बागेत येणारा खोकड

‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. परंतु इसापाच्या ज्या कथेवरून ती रूढ झाली, त्या कथेतील प्राणी कोल्हा नसून खोकड होय. कोल्हा हा लांडग्याचा व कुत्र्याचा निकटचा नातलग. खोकडाची प्रजाती निराळी. आपल्या माळरानावरील खोकड लहानखुरा असून त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. यूरोपातील तांबडा खोकड त्याहून मोठा, सुमारे ५ ते ७ किलोग्रॅम वजनाचा असतो आणि त्याच्या शेपटीचे टोक बहुधा पांढरे असते. लंडन, ब्रिस्टल इत्यादी ब्रिटिश शहरांतील बागांतून रात्री हिंडणारा प्राणी तो हाच.

दोन महायुद्धांच्या दरम्यान या शहरांभोवती परसबागा असलेल्या घरांच्या वसाहती पसरल्या आणि खोकडास आयते निवासस्थान लाभले. गांडुळे, भुंगेरे, उंदीर, गळून पडलेली फळे, खरकटे, यांपैकी काहीही त्यास चालते. उंदीर खाणारा हा पाहुणा सर्वस्वी उपद्रवी म्हणता येणार नाही; तथापि तो वाफे उकरतो, उग्र वासाची विष्ठा टाकतो आणि कोंबड्या मारतो.

मग त्यास ठार का करू नये? दयेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी या उपायाने कार्यभाग साधत नाही. खोकडाचे प्रत्येक कुटुंब आपला प्रदेश मूत्राच्या वासाने आखून राखते. तेथील प्राणी मारला की वासाची सीमा पुसट होते आणि शेजारचा किंवा भटका तरुण खोकड ती जागा बळकावतो. पकडून दूर सोडण्यानेही हेच घडते. शिवाय अनोळखी मुलखात त्या जिवाचे हाल होतात, ते वेगळेच.

तेव्हा तो कशासाठी येतो, हे प्रथम शोधावे. पुष्कळदा दोष खताचा असतो. हाडांचा चुरा किंवा वाळलेले रक्त मिसळलेले खत मातीत घातले की तेथे मांस पुरले आहे, अशी खोकडाची समजूत होते. तो स्वतःही उरलेले भक्ष्य पुरून ठेवतो. म्हणून त्याचे हे उकरणे खोडसाळपणाचे नसते. असे खत बदलावे, कचऱ्याच्या डब्यास घट्ट झाकण बसवावे, मांजराची थाळी रात्री घरात घ्यावी. शेजारी त्यास हौसेने खाऊ घालीत असतील, तर मात्र आधी शेजाऱ्यांची समजूत घालावी लागेल!

कोंबड्यांच्या खुराड्यास पातळ जाळी पुरत नाही. तो ती दातांनी तोडतो. भक्कम तारेची जाळी लावून तिची कड जमिनीत सुमारे ३० सेंटिमीटर पुरावी.

सर्वांत नाजूक प्रश्न लाकडी खोपटाखालच्या बिळाचा. मादी सुमारे ५२ दिवसांच्या गर्भधारणेनंतर बहुधा मार्चमध्ये चार-पाच पिले घालते. ती जन्मतः आंधळी व बहिरी असतात. या काळात बिळाचे तोंड बुजविल्यास पिले आत उपासमारीने मरतात, आणि बाहेर राहिलेली आई जिवाच्या आकांताने माती उकरीत राहते. वन्य सस्तन प्राण्यांस हेतुपुरस्सर गुदमरवून मारणे ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. यास्तव पिले मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत काही आठवडे थांबावे. नंतर बिळाच्या तोंडाशी पालापाचोळा सैलसर भरून ठेवावा. तो अनेक दिवस जागचा हलला नाही, तर बीळ रिकामे समजावे व मगच जाळी ठोकावी.

वासाने परतविणारी औषधेही तेथे मिळतात. त्यांपैकी एक अमोनियम ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे आपल्या तुरटीचेच भावंड. खोकड पुसलेली खूण पुन्हा उमटवू पाहतो, म्हणून हे औषध नेटाने अनेक दिवस, आणि पावसानंतर पुन्हा, टाकावे लागते. डांबरगोळ्या किंवा डिझेल यांचा वापर मात्र सर्वथा वर्ज्य. त्यांनी मातीचे व इतर प्राण्यांचेही नुकसान होते. हालचाल होताच पाणी उडविणारे फवारे परिणामकारक असतात, परंतु त्यांची जागा अधूनमधून बदलावी. कारण खोकड त्यांना लवकर सरावतो.